शाळेला नर्सबाई कां नको?

चाकणच्या बाजारांत बैल घ्यावयास गेलेला आमचा शेतकरी बैलाचे दांत पाहिल्याशिवाय खिशाला हात घालीत नाहीं. तो त्याला चार पावलें चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो, डोळ्यांपुढून हात फिरवून नजर धड आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतो, आणि मग रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरवितो. आतां याच शेतकऱ्याला कोणी विचारावें, "पाटील, तुमच्या नातवाचे दांत शेवटीं कोणीं व केव्हां पाहिले? त्याला फळ्यावरचें अक्षर शेवटच्या बाकावरून दिसतें काय?" पाटील पागोटें काढून डोकें खाजवूं लागतील. जनावराची जी परीक्षा आम्ही पांच मिनिटांत करतों, ती पोटच्या पोराची करावी हें आमच्या ध्यानींमनींहि नसतें. पोर शाळेंत घातलें कीं आमची जबाबदारी सरली. आणि शाळा म्हणते, आमचें काम अक्षर शिकविण्याचें. या दोहोंच्या मधल्या खड्ड्यांत पोराचें शरीर पडलें आहे. आज त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

पुनावळे हें पवनेकांठचें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेलें. जेथें बाजरीची कणसें डोलत होतीं तेथें आज मान वर करून पाहिल्यास टोपी खालीं पडावी अशा उंच इमारती उभ्या आहेत. एका बाजूला जुन्या गांवठाणांतलीं घरें, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या, आणि दोहोंच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांत त्या इमारती बांधणारे गवंडी, बिगारी नि फरशीवाले. तिघांचींहि मुलें सकाळीं शाळेस जातात. पण एका शाळेस नव्हे. ज्याच्याजवळ भारी फी भरण्यास पैसा आहे, त्याच्या मुलाच्या शाळेंत आजाऱ्याला निजविण्याची खोली असते व तेथें एक नर्स बसलेली असते. मुलाला ताप आला कीं आईला फोन जातो, आई मोटार घेऊन येते. गवंड्याच्या पोराला ताप आला तर? बाप अठराव्या मजल्याच्या परांचीवर, आई चार घरच्या धुण्याभांड्यांत. मास्तर पोराला बाकावर डोकें ठेवून पडावयास सांगतात आणि शाळा सुटण्याची वाट पाहतात. मास्तरांचा तरी काय इलाज? ज्याच्या घरीं दवादारूची सोय आहे त्याला शाळेंतहि नर्स, आणि ज्याला घरीं कांहीं नाहीं त्याला शाळेंतहि कांहीं नाहीं! तेल लावलेल्या डोक्यालाच पुन्हां तेल, असा हा उफराटा न्याय आहे. महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांतून कायमची नर्स नेमण्याचा आमच्याकडे रिवाजच नाहीं. एका शाळेला किंवा एका कचेरीला बोल लावण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. खोड सगळ्या घडीचीच आहे.

यावर कोणी म्हणेल, "सरकारची तपासणीची गाडी येते कीं!" येते, आणि आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा २०१३ सालच्या फेब्रुवारींत आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें सुरू झाला. त्याच्या एका पथकांत दोन डॉक्टर, एक औषधें देणारा आणि एक नर्स अशीं चार माणसें. अंगणवाडीस वर्षांतून दोनदां नि शाळेस एकदां त्यांनीं जावें, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचें जन्मतः असलेलें व्यंग, शरीरांतील उणीव, रोग आणि वाढींतील मागें पडणें अशीं चार अंगें तपासावींत, व ज्याला पुढील उपचार पाहिजेत त्याला मोठ्या दवाखान्यांत पाठवावें, अशी योजना आहे. काळजाला छिद्र असलेलीं कित्येक गरिबांचीं लेंकरें या तपासणींत सांपडून त्यांची शस्त्रक्रिया फुकट झाली आहे. चांगल्याला चांगलें म्हटलेंच पाहिजे.

परंतु शाळा वर्षांत दोनशेंहून अधिक दिवस भरते. त्यांतला एक दिवस गाडीचा. बाकीच्या दिवसांचा धनी कोण? ज्या मजुराचें बिऱ्हाड दसऱ्याला एका बांधकामावर नि होळीला दुसऱ्या बांधकामावर, त्याचें पोर त्या दिवशीं कोणत्या शाळेंत असेल हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. आणि जें पोर हजर असतें, त्याच्या हातांत चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीचें पुढें काय होतें?

आमच्या पाहण्यांतली एक गोष्ट सांगतों. एका गवंड्याची मुलगी चौथीपर्यंत 'मठ्ठ' म्हणून गाजलेली. पुढच्या बाकावर हुशार मुलें हवींत म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसविलेली. पुढें एका शेजारणीनें तिचें दप्तर झटकलें तों तळाशीं एक चुरगळलेली चिठ्ठी निघाली: डोळे तपासून घ्यावेत. चिठ्ठी वर्षाची जुनी! बापाला वाचतां येत नव्हतें, आईला विचारावयास सवड नव्हती, मुलीला वाटलें परीक्षेंतल्या नापासाची असेल म्हणून तिनें ती लपविली. चष्मा लागल्यावर ती पोर बापाला रस्त्यानें येणाऱ्या बसगाड्यांच्या पाट्या वाचून दाखवूं लागली. ज्या डोक्याला सर्वांनीं चार वर्षें दगड म्हटलें, त्या डोक्यांत कांहीं बिघाड नव्हता. बिघाड नजरेंत होता, आणि त्याहून मोठा बिघाड चिठ्ठीच्या वाटेंत होता.

ही चिठ्ठीची कथा कांहीं नवी नाहीं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत १८९७ सालापासून डॉक्टर शाळांतून फिरून मुलें तपाशीत असत. खरूज, नायटा, उवा, डोळ्यांतील खुपऱ्या दिसल्या कीं मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन त्याला घरीं घालवीत. घरीं आईबाप देशोदेशींहून पोटासाठीं आलेले. त्या चिठ्ठीची भाषाच त्यांना येईना. मूल औषधाविना रस्त्यावर हुंदडे, संध्याकाळीं वर्गांतल्याच सोबत्यांशीं खेळे, आणि रोग जेथल्या तेथें. १९०२ च्या एकट्या सप्टेंबर महिन्यांत अशीं १०,५६७ मुलें शाळेबाहेर घालविलीं गेलीं. त्या गरीब वस्तींत लिलियन वॉल्ड नांवाची एक परिचारिका सेवागृह चालवीत होती. तिनें शहराच्या अधिकाऱ्यांना आपली एक बाई महिनाभर वापरून पाहण्यास दिली. १ ऑक्टोबर १९०२ रोजीं लिना रॉजर्स ही बाई चार शाळांच्या कामावर लागली. तिनें शाळेंतच खरूज धुतली, फोडांना पट्ट्या बांधल्या, आणि मुलाला वर्गांत परत बसविलें. ज्याला घरीं पाठवावें लागे त्याच्या मागोमाग ती जिने चढून त्याच्या घरीं जाई व आईला औषध लावून दाखवी. अनुभव पाहून शहरानें आणखी नर्सबाया नेमल्या. पुढच्या वर्षींच्या सप्टेंबरांत शाळेबाहेर घालविलेल्या मुलांचा आंकडा १,१०१ वर आला. रोग तेच होते, डॉक्टर होते, चिठ्ठ्याहि होत्या. फरक इतकाच कीं चिठ्ठीला दोन पाय फुटले.

"हीं सारीं परदेशचीं थेरें, आमच्या मातींत रुजावयाचीं नाहींत," असें म्हणणाऱ्यांनीं जरा आपल्या मातीकडेहि पाहावें. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणे गांवच्या शेतकरी घरांतून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. आणि १९०९ सालीं बडोदें शहरांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. या देशांतील अशी ती पहिली तपासणी होय. या दोन गोष्टी तीन वर्षांच्या अंतरानें एकाच राज्यांत घडल्या, यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. मूल शाळेंत आणण्याची सक्ती करावयाची, तर त्याच्या प्रकृतीची जोखीमहि पत्करली पाहिजे. पोट दुखणाऱ्या, डोळ्यांनीं न दिसणाऱ्या, अंगांत रक्त नसणाऱ्या मुलाला नुसतें बाकावर बसविणें म्हणजे नांगराला आजारी बैल जुंपणें होय.

आणि पुण्यास तर याहून जुना धडा आहे. मुलींना अक्षर देणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा शेवट शाळेंत झाला नाहीं, रोग्यांची सेवा करतांना झाला. १८९७ सालच्या प्लेगांत त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील गायकवाडांच्या पोराला प्लेगची गांठ आली, तेव्हां सावित्रीबाईंनीं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. ज्या बाईनें पाटी हातांत दिली तीच बाई आजारी पोर पाठीवर घेते, हें आमच्या समाजानें एकदां पाहिलें आहे. दरवर्षीं ३ जानेवारीला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतों. पण त्यांनीं जें काम पाठीवर घेतलें तें आज शाळेंत कोणाच्या पाठीवर आहे, हें विचारीत नाहीं.

सरकारला हें ठाऊक नाहीं असें नाहीं. १९४६ सालीं भोर समितीनें लिहून ठेवलें कीं या देशांत शाळेंतील मुलांच्या आरोग्याची सोय जवळजवळ नाहींच. १९६० सालीं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालीं खास याच कामाकरितां दुसरी समिती बसली. समित्या बसल्या नि उठल्या; अहवाल मात्र अजून बसूनच आहेत.

आतां नर्सबाई रोज शाळेंत असेल तर करील काय, हें पाहूं. पहिली गोष्ट गळ्याची. पोराचा घसा येतो, दोन दिवस गिळतांना दुखतें, आणि मग बरें वाटतें. आई म्हणते, गेलें दुखणें. परंतु कांहीं जंतूंनीं आलेला घसा औषधाविना राहिला, तर दोन-तीन आठवड्यांनीं सांधे सुजतात, ताप येतो, आणि कांहीं मुलांच्या काळजाच्या झडपा जन्माच्या बिघडतात. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका विशेष, आणि दाटीवाटीच्या खोल्यांतून अधिक. यावरचें औषध पेनिसिलिन. तें तयार करणारा 'हिंदुस्थान ॲंटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना १९५४ सालीं उभा राहिला कोठें? तर आमच्या पिंपरीस! म्हणजे औषध तीन कोसांवर तयार झालें, पण पोराला 'आ कर' म्हणून वेळेवर गळ्यांत पाहणारें माणूस काहीं तयार झालें नाहीं. नर्स म्हणजे डॉक्टर नव्हे. पण कोणतें पोर आजच डॉक्टराकडे गेलें पाहिजे नि कोणतें उद्यांपर्यंत थांबलें तरी चालेल, हें तिला कळतें. निम्मी लढाई तेथेंच जिंकली जाते.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शंभरांत सुमारें ५७ मुलींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. ह्याच उद्यांच्या आया! सरकार शाळांतून लोहाच्या गोळ्या देतें: धाकट्यांना गुलाबी, मोठ्यांना निळी, आठवड्याला एक. गोळी चांगली आहे. पण उपाशीपोटीं घेतली तर मळमळतें, चहाबरोबर घेतली तर तिचा गुण कमी होतो, आणि शौचास काळें झालें कीं घरांत बोंब उठते कीं सरकारनें पोरीला विष चारलें! मग गोळी जाते गटारांत. मास्तर हजेरीच्या वहींत 'दिली' असें लिहितात. पोटांत गेली कीं नाहीं हें कोण लिहिणार? आईजवळ ओट्यावर बसून, "अगं बाई, काळें होतें तें लोहामुळें, भिऊं नकोस; जेवण झाल्यावर दे, आणि वर लिंबू पिळून खाऊं घाल," इतकें सांगणारी एक बाई पाहिजे. हें सांगणें फलकावर होत नाहीं.

तिसरी गोष्ट, जी आमच्या घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. पोर बारा-तेरा वर्षांची झाली कीं महिन्याचे तीन-चार दिवस शाळा बुडते. कपडा डागाळला तर कोणाला सांगावें? मास्तरापुढें तोंड उघडवत नाहीं, मैत्रिणी हसतात. अशी बुडत बुडत शाळा सुटते आणि सोयरिकीची बोलणीं सुरू होतात. शाळेंत एक समजूतदार नर्सबाई, तिच्या खोलींत स्वच्छ पट्ट्या, जवळ पाणी नि कडी लागणारें शौचकूप असेल, तर कित्येक पोरींचें शिक्षण वांचेल. मुलींच्या शिक्षणावर व्याख्यानें झोडणाऱ्यांनीं ही कडी आधीं बसवावी.

यावर आक्षेप निघतील. पहिला असा कीं हें काम मास्तर करतील. २०२० साली निघालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमांत दर शाळेंत दोन शिक्षकांनीं आरोग्यदूत व्हावें असें ठरलें आहे. मुलांना आरोग्याचे धडे देण्यास ही योजना ठीक आहे. परंतु मास्तरानें मतदारयाद्या कराव्या, खिचडीचा हिशेब ठेवावा, माहितीचे तक्ते भरावे, आणि आतां गळेहि तपासावे! ज्यानें त्यानें आपली विद्या करावी. सुताराला कोणी लोखंड तापवावयास सांगत नाहीं, नि कुंभाराला कोणी नाल ठोकावयास बोलावीत नाहीं. दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या महापालिकेचा श्रीमंत म्हणून देशभर लौकिक आहे तिला, आणि शेतसाऱ्यापासून काडीपेटीपर्यंत सगळ्यावर कर घेणाऱ्या सरकारला, तीन-चार शाळांमागें एक नर्सबाई जड होते असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. न्यूयॉर्कची ती बाईदेखील चार शाळांवर एकच होती. तिजोरी कोणाच्या घामानें भरते हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे भीक कोण मागतो व हक्क कोण मागतो याचा उलगडा होतो.

पण नुसती नर्स नेमून काम भागणार नाहीं. जी आज गाडींतून शाळोशाळीं हिंडते, तिची स्वतःची स्थिति काय आहे? हीं माणसें बहुतेक करारावरचीं. सालगड्याला निदान पाडव्यापासून पाडव्यापर्यंत भाकरीची शाश्वति असते. ह्यांचा करार मुदत संपली कीं पुन्हां लोंबकळत. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रांतील राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कामगार, त्यांत नर्सबायाहि, कायम नेमणुकीसाठीं कित्येक आठवडे संपावर होते. त्या वेळीं 'यांना सेवेची चाड नाहीं' असें म्हणणारे लोक आम्हीं ऐकिले. आम्ही विचारतों, जिला पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, ती तुमच्या पोराचा तीन वर्षांचा डोळ्यांचा हिशेब कशी ठेवणार?

दुसरी उणीव सोबतीची. शाळेंतील नर्स ही मास्तरांत मास्तर नव्हे नि दवाखान्यांत दवाखान्याची नव्हे. ती एकटी पडते. सुताराचें पोर बापाबरोबर दहा सुतारांचे सांधे पाहून शिकतें. एकट्यानें शिकलेला सुतार एकच चूक जन्मभर करतो. शाळेंत पोराला फेफरें आलें, अंगावर पाहूं नयेत असे वळ दिसले, आई गोळीला नाहीं म्हणाली, अशा वेळीं दुसऱ्या शाळेची बाई काय करते हें हिनें कोणाला विचारावें? भारतांत प्रशिक्षित परिचारिकांची संघटना १९०८ सालापासून आहे. अमेरिकेंत तर शाळेच्या नर्सांची निराळी राष्ट्रीय संघटना आहे. लिना रॉजर्स हिनें आपला अनुभव १९१७ सालीं एका पुस्तकांत लिहून मागून येणाऱ्यांच्या हातीं दिला. आमच्याकडेहि तालुक्यातालुक्याच्या शाळा-नर्सांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें, नोंदी ताडून पाहाव्या, अडचणी सांगाव्या, आणि तो दिवस कामाचाच धरावा. संघटना म्हणजे केवळ पगारवाढीचें भांडण नव्हे. ती कारागिराची शाळा आहे.

आतां शेवटीं आमच्याच लोकांना दोन कडू शब्द. आमच्या घरची मुलगी नर्सिंगला जाते म्हटलें कीं 'रात्रपाळी करणारी सून नको' म्हणून नाक मुरडणारे आम्हीच, आणि आजारी पडल्यावर तिच्याच हातून पाणी पिणारे आम्हीच. वाढदिवसाच्या फलकांना, उरुसाच्या दारूकामाला, लग्नाच्या वरातीला पैसा निघतो. शाळेच्या सभेला मात्र सवड नसते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांत तीन माणसें पालक असावींत व निम्म्या बाया असाव्यात असें ठरविलें आहे. त्या समितीच्या कागदावर न वाचतां अंगठा देणारे कोण? आम्हीच!

पुनावळेकरांना संघशक्ति शिकविण्याची गरज नाहीं. गांवाच्या उशाशीं कचरा डेपो नको म्हणून जुनें गांव नि नव्या सोसायट्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि २०२३ च्या डिसेंबरांत सरकारला तो बेत रद्द केल्याचें जाहीर करावें लागलें. 'नको' म्हणण्यासाठीं जी एकी झाली ती एकदां 'हवें' म्हणण्यासाठीं व्हावी. येत्या समितीच्या सभेंत एकच ठराव मांडा: आमच्या शाळेस कायम नेमणुकीची नर्सबाई हवी; तिला बसावयास एक खोली हवी; आणि प्रत्येक मुलाची नोंदवही हवी, जी मूल शाळा बदलील तेव्हां दाखल्याबरोबर जाईल. पत्र्याच्या खोलींतल्या आईलाहि त्या सभेस हाताला धरून न्या. गरज सर्वांत अधिक तिची आहे. ठरावाची एक प्रत महापालिकेस, एक आमदारास, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्यास एक स्मरणपत्र. तोंवर निदान आज रात्रीं घरीं गेल्यावर पोराचें दप्तर तळापर्यंत उपसून पाहा. एखादी चिठ्ठी तुमची वाट पाहत पडली असेल.